जागेवरचा धोंडा

नव्या पोरांना मी सर्व्हरचं काम शिकवतो, तेव्हा ती दर वेळी एकच प्रश्न विचारतात. शंभर यंत्रांपैकी कोण चालू आहे आणि कोण बंद पडलं, हे ठरवतं कोण? त्यांना वाटतं, हजेरी घेणारं एखादं मोठं यंत्र असेल. तसं ठेवत नाहीत, कारण हजेरी घेणाराच आडवा झाला तर सगळ्यांचीच पंचाईत. त्यापेक्षा प्रत्येक यंत्र थोड्या थोड्या वेळानं दुसऱ्या कुणाला तरी हाक देतं आणि आपल्याला ठाऊक असलेली खबर त्याच्या कानावर घालतं. त्यानं ती पुढं सांगायची. अशी कानोकानी खबर सगळ्या घोळक्यात पोचते. इंग्रजीत याला चक्क गॉसिप म्हणतात, आणि ते ऐकलं की पोरं हसतात.

मला हसू येत नाही. ही विद्या मी पुण्यात शिकलो नाही. बीड जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात ती माझ्या डोळ्यांसमोर चालत होती, आणि एकदा मीच ती नासवली.

माझे वडील, आप्पा, मसाला विकायचे. युसूफ वडगाव, नांदूरघाट, दिंद्रुड आणि मधली दोन गावं, असा त्यांचा आठवडा बांधलेला होता. गोणपाटावर हळकुंडं, धने, मिरची, खोबऱ्याच्या वाट्या. डाव्या हाताला दोरखंडवाले काका दावी आणि कासरे मांडून बसायचे. चाळीसेक बाजारकरी असतील. सगळे सगळ्या गावांना जात नसत, आणि कोण आलं, कोण नाही याची कुठं वही नव्हती. गोणपाट पसरता पसरता शेजाऱ्याला विचारायचं, "काल दिंद्रुडला चाळणीवाला दिसलता का?" तो जे सांगेल ते उद्याच्या बाजारात दुसऱ्याला सांगायचं. एवढंच. पण आठवड्याच्या आत चाळीसही जणांना चाळीस जणांचा पत्ता असायचा.

एखाद्या गावचा एक बाजार चुकला तर कुणी काही बोलत नसे. दुसरा चुकला की शेजारी त्या रिकाम्या जागेवर एक धोंडा ठेवायचा. शंका आहे, पण जागा अजून त्याचीच, असा त्याचा अर्थ. मग ज्याची वाट त्या माणसाच्या गावाजवळून जाई त्यानं वाकडी वाट करून चौकशी करायची. तिसऱ्या बाजारापर्यंत चांगली खबर आली नाही तर धोंडा उचलून जागा दुसऱ्याला द्यायची. या सगळ्यावर एक नियम होता. माणूस स्वतः येऊन "मी हाय" म्हणाला, की बाकी सगळ्यांचं बोलणं रद्द. आमच्या यंत्रांतही तेच आहे. बंद पडल्याची खबर खोडून काढायचा अधिकार ज्याच्याविषयी खबर आहे त्यालाच असतो.

मी तेव्हा अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकत होतो. दिवस नवे होते. घरोघर रंगीत टीव्ही आले होते, बाजारात पाकिटातला मसाला आला होता, आणि आमच्यासारख्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. वडिलांचं होलसेलचं दुकान आहे, अशी थाप मी मित्रांना मारून ठेवली होती. त्याच सुमारास आप्पांना कावीळ झाली. घराला कुलूप लावून आई त्यांना आत्याच्या गावी औषधाला घेऊन गेली. बरे होतायत, पंधरा दिवसांत उठतील, असं तिचं पत्रही मला आलं होतं.

एका दुपारी कॅन्टीनच्या दारात दोरखंडवाले काका उभे. खांद्यावर कासऱ्यांचं भेंडोळं, धोतर धुळीनं लाल.

"बाळा, आप्पाचे दोन बाजार चुकले. घराला कुलूप दिसलं, म्हणून हिकडं आलो. कसे हायत ते? धोंडा ठिवलाय म्या नांदूरघाटला, पर तिसरा बाजार परवा हाय."

माझ्या बाजूला तिघं मित्र होते. बरे आहेत, येतील, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, "ते आता बाजारात बसणार नाहीत. सोडलं त्यांनी."

"त्येंनीच सांगितलं का तसं?"

"हो."

"बरं," काका म्हणाले, "लई दिवस सोबत बसलो." मग भेंडोळं सावरत निघून गेले. मित्रांनी विचारलं कोण, तर मी म्हणालो, ओळखीचा गडी आहे. आप्पांची दगदग वाचेल, अशी मी माझी समजूत घातली. पण ती शरम होती, दुसरं काही नाही. या सगळ्या पद्धतीत एक गोष्ट धरून चाललेली असते: मधला माणूस उशीर करेल, गप्प राहील, पण खोटं बोलणार नाही.

पंधरा दिवसांनी आप्पा नांदूरघाटला गेले आणि गोणपाट न सोडताच परत आले. "आता झेपत न्हाई," एवढंच आईला म्हणाले. त्यानंतर ते बाजारात गेले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून, बाजाराहून परतणाऱ्या कुणालाही थांबवून विचारायचे, "आज कोण कोण आलतं?" सुट्टीत घरी गेलो की मला ते ऐकवत नसे. मी घरात जाऊन टीव्ही लावायचो.

मी पुण्याला नोकरीला लागलो, आणि काही वर्षांनी आप्पा गेले. मातीला भाऊबंद आले, गल्ली आली. बाजारातला एकही माणूस आला नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी वर्षं मांडीला मांडी लावून बसले आणि शेवटी पाठ फिरवली, असं मी चार जणांत बोललोही.

महिन्यानं दोरखंडवाले काका आले. थकले होते. त्यांच्यावरही मी तोंडसुख घेतलं.

"कुणाला कळणार, बाळा?" ते म्हणाले. "जागा गेली की त्या माणसाचं कुणी इचारत न्हाई. मला पण काल कळलं, ते पण मिरचीवाल्या बाईकडून."

मग चहाची बशी खाली ठेवून त्यांनी मला न विचारताच सांगितलं. "नांदूरघाटला आप्पा आले तवा जागेवर दुसरा बसलेला. आमी म्हणलं, तुमच्या पोरानं सांगितलं सोडलं म्हणून. खोटं असंल तर एकदा 'मी हाय' म्हणा, ह्येला आत्ता उठिवतो. लई येळ उभे राहिले. मंग म्हणले, पोरगं म्हणलं त्ये खरं हाय."

मी त्यांची बशी उचलून बाजूला ठेवली.

"खरं हुतं न्हवं त्ये?" काकांनी विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. मग उठून चपला घातल्या आणि गेले. माझं 'नव्हतं' आता कुणाच्याही कामाचं नव्हतं. ते म्हणायचा हक्क एकट्या आप्पांचा होता, आणि मला खोटं पाडायला नको म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता.