सूर्याच्या मानेवरचा भोवरा

पहाटे उठायचं म्हटलं की ज्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या, तो आमचा सलूनवाला हल्ली उजाडायच्या आत इस्त्रीचा शर्ट चढवून गच्चीवर सूर्य बघायला जिने चढू लागला होता, तेही शीळ घालत. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या अत्तराची बाटली झपाट्याने रिकामी होतेय, हे सलूनचा गल्ला सांभाळणाऱ्या सुनेच्या लक्षात आलं.

"बाबा, सूर्याला वास येतो का हो?" तिने विचारलं.

"निसर्गोपचार आहे तो. तुला नाही कळायचं," म्हणत सासरेबुवा सटकले.

निसर्ग राहू द्या बाजूला, खरा उपचार होता सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीणबाईंचा. सुईत दोरा ओवताना बाई अलीकडे चाचपडू लागल्या होत्या. उगवत्या सूर्याकडे पापणी न लववता पाहिलं की चष्मा सुटतो, भूक कमी होते, आत्मा उजळतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि शेजारपाजार गच्चीवर गोळा केला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेल्या सलूनवाल्याला आत्म्याचं काही पडलेलं नव्हतं. गच्चीवर बाई असतात, एवढं त्याला पुरेसं होतं.

पहिल्याच दिवशी त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मान आपोआप वळली, आणि समोर जरा डावीकडे बाई पाठमोऱ्या उभ्या, आखूड कापलेल्या केसांत कोवळं ऊन घेऊन. झालं! त्यानंतर या पठ्ठ्याने सूर्याचं तोंड पाहिलं नाही. बाकीचे पूर्वेकडे, हा बाईंकडे. स्वारी इतकी खुशीत की दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोक्यावर कात्री ताल धरायची. धाकधूक एकच होती. चोरी पकडली गेली तर बाई गच्चीवरून हाकलून देतील, आणि मग पुन्हा जिन्यातल्या "बरंय ना?"वरच भागवावं लागेल.

सगळं आटोपलं की बाई एकेकाला अनुभव विचारायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरला रोज काहीतरी सोनेरी दिसायचं. भूक पार मेली असं तो सांगायचा आणि खाली उतरून बेकरीत शिरायचा. सलूनवाला "छान वाटलं" म्हणून वेळ मारून न्यायचा.

एका सकाळी मात्र बाई हटून बसल्या. "छान म्हणजे काय? नीट आठवून सांगा, काय दिसलं?"

गडी इतका तरंगत होता की धंद्याची जीभ सुटली. "मानेवर उजवीकडे भोवरा आहे. कानामागे एक पांढरी बट सुटलीय. डावी बाजू जरा लांब राहिलीय, कापणाऱ्याने घाई केली."

सगळ्यांच्या माना सलूनवाल्याकडे वळल्या.

"सूर्याला भोवरा?" इंजिनियरने विचारलं.

बाईंचा हात हळूच कानामागे गेला. त्या तशाच खाली उतरल्या. सलूनवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाची मिशी न विचारताच उडवली.

संध्याकाळी बाई सलूनमध्ये आल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. सुनेला अचानक बाहेरचं काम आठवलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले," आरशाकडे बघत बाई म्हणाल्या. "बरेच दिवस नजरेच्या मधोमध डाग दिसतोय. लाजेने कोणाला बोलले नाही. मीच सगळ्यांना वर नेलं होतं ना. डोळ्याचा पडदा भाजलाय म्हणाले. भरून येईल कदाचित, थोडं राहीलही. गच्ची आता बंद. इंजिनियरलाही तपासायला पाठवलंय. तुमचे डोळे कसे आहेत?"

"ठणठणीत." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी सूर्याकडे बघितलंच नाही. तुमच्याकडे बघत होतो. चुकलं माझं."

बाईंनी खुर्ची त्याच्याकडे फिरवली आणि तोंड मात्र दुसरीकडे वळवलं.

"रागावलात?"

"समोर बघितलं की तुमच्या चेहऱ्याच्या जागी डागच दिसतो," बाई म्हणाल्या. "तिरकं बघितलं की तुम्ही दिसता. बरे दिसता." मग म्हणाल्या, "सुईत दोरा जातच नाही आता. सकाळी कामाला बसायच्या आधी सुया ओवून द्यायला कोणीतरी हवं. शाबूत डोळ्यांचं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत इस्त्रीचा शर्ट पुन्हा जिने चढू लागला. शीळही होतीच. फक्त या वेळी सलूनवाला गच्चीपर्यंत गेला नाही, एक मजला आधीच थांबला.