पहिल्या मालकाचा हार

गाडी मी घेतली, कागद माझ्या नावावर झाले, विमाही माझ्याच नावाचा. तरी गंगापूर रोडवर लोक हात करायचे ते त्याला.

कॉलेजात असल्यापासून मला त्या जपानी गाडीची ओढ होती. निळी, बुटकी, रुंद, बॉनेटवर हवा आत घ्यायला मोठं भोक, आणि टर्बो जागा झाला की बारीक शिट्टी. अख्ख्या नाशकात तशी दुसरी नव्हती, आणि तिथेच घोळ झाला. तिचा पहिला मालक मखमलाबादकडचा झेंडूचा मळेवाला, माझ्याच वयाचा. त्याच्या आईला गुडघ्यांमुळे इतक्या खाली बसता येईना, म्हणून त्याने ती विकायला काढली. किल्ली देताना एवढंच म्हणाला, "थांबल्यावर लगेच बंद नका करू. जरा दम खाऊ द्या तिला." माझ्याच गाडीबद्दल हा मला शिकवतोय, हे मला तेव्हाच खटकलं.

मग सुरूच झालं. समोरून येणारा कुणीतरी लांबूनच हात उंचावायचा, हसायचा. जवळ आला की आत माझा चेहरा दिसायचा आणि तोच हात केसांवरून फिरवून खाली घ्यायचा. पेट्रोल पंपावर विचारायचे, "दादा नाही आले?" गॅरेजवाला फोनवर कुणाला तरी सांगायचा, "भाऊंची गाडी आलीय." एका रविवारी मी मागच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' ब्लेडने खरवडून काढलं. डिंक तेवढा राहिला, आणि धूळ बसली की अक्षरं पुन्हा उमटायची.

माझा जळफळाट बायकोला कळत होता. "बायका सवतीवर जळतात," ती म्हणाली, "तू गाडीच्या पहिल्या नवऱ्यावर जळतोयस. आयत्या बिळावर नागोबा झालास ना, मग आता फुसफुसू नकोस." मला हसू आलं नाही.

दसऱ्याला गाडी मी स्वतः धुतली. रविवार कारंज्याच्या फुलबाजारातून झेंडूचा हार आणला. बांधायला गेलो तर तोकडा, दोन्ही टोकं आरशांपर्यंत पोचेनात. शेवटी दोरा जोडून बॉनेटवर आडवा बांधला. तेवढ्यात फाटकात तो उभा, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला हार.

"दसऱ्याचा हार दरवर्षी मळ्यातलाच असतो तिचा," तो म्हणाला. "राहवलं नाही. चालेल ना?"

सणाच्या दिवशी दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? त्याने माझा हार सोडवून अलगद पायरीवर ठेवला आणि आपला बांधला. एका आरशापासून निघून, भोकाच्या खालून वळसा घेऊन, दुसऱ्या आरशापर्यंत. बोटभर जास्त नाही की कमी नाही. "नाक मोकळं ठेवायचं तिचं," तो म्हणाला. मोजायला गाडी त्याच्यापाशी नव्हती, तरी माप चुकलं नव्हतं. मला बायकोच्या ब्लाउजचं माप आजही सांगता येत नाही.

"एक फेरी मारता?" मी म्हणालो, आणि हा नको म्हणू दे अशी मनात प्रार्थना केली.

"नको. आई बाहेर बसलीय गाडीत." त्याने आपट्याचं एक पान माझ्या हातावर ठेवलं, सोनं घ्या म्हणाला. दुसरं पान बॉनेटवर ठेवलं. तळवा जरा वेळ तिथेच राहू दिला. मला ते पाहवलं नाही.

तो वळणावर दिसेनासा झाला आणि मी त्याचा हार काढला. हो, दसऱ्याच्या दिवशी. माझा तोकडा हार पुन्हा नाकावरून आडवा बांधला आणि पंचवटीकडे निघालो. माझी गाडी, माझा हार.

रामकुंडाच्या अलीकडे एका टपरीपाशी चहाला थांबलो. इंजिन चालूच ठेवलं, तिला दम खाऊ द्यायला. शिट्टी ऐकूनच टपरीवाला हात पुसत आला होता. माझ्याकडे न बघता तो थेट बॉनेटपाशी गेला, हार नाकावरून खाली सरकवला आणि नीट केला.

"भाऊ, आज लय घाईत बांधला का हार?" असं म्हणत त्याने वाकून खिडकीतून आत पाहिलं.

"अच्छा," तो म्हणाला. "तुम्ही हाय का."