भस्म लावलेला कूलर

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते एक जुना कूलर नापास करायचं.

त्या दुपारी मी टाकीचा गंज खरवडला, आतून डांबर मारलं, नवं गवत भरलं, मोटरीला तेल दिलं. तिनं पाणी ओतलं आणि पुढं चटई टाकली. आमच्या शुक्रवार पेठेतल्या दुकानातनं जुना कूलर विकायचा, तर आधी तिनं त्याच्यापुढं दुपारची झोप काढायची, हा आमचा कायदा. खडखडला की ती उठायची. वास मारला की उठायची. झोप लागली, तर जाग आल्यावर कूलरच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढायची आणि म्हणायची, "छलो अद." माहेर अक्कलकोटकडचं, चांगल्याला चांगलं कानडीतच म्हणायची. गिऱ्हाईक पट्टे बघूनच घ्यायचं. तसला कूलर गॅरंटीत परत आल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या दिवशी आडवं व्हायच्या आधी तिनं ओला हात पत्र्याला लावला आणि झटक्यानं मागं घेतला.

"ब्याड, नको! ह्यो न्हाय द्यायचा. मुंग्या येत्यात हाताला."

"पंपाची तार उघडी पडली असंल. उद्या बघतो."

"बघा. पर बघितल्याबिगर हलवू नका. न्हाय तर तुमालाच त्येच्याफुडं झोपवीन."

उद्या बघणं झालंच नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती परातीवर कलंडली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भेटायला आलेले म्हणायचे, नशीबवान, हाल न होता गेली. कसलं नशीब? ज्याच्या घरातली चूल विझली त्याला विचारा की.

तिचे दिवस होईपर्यंत दुकान आमच्या पोरानं बघितलं. त्याचं म्हणणं पहिल्यापासनं वेगळं. रंग मारायचा, गवत बदलायचं, गॅरंटीचं कार्ड हातात द्यायचं, बिघडला तर मग बघू. मागच्या उन्हाळ्यात त्यानं तसंच केलं आणि सगळा मे महिना लोकांच्या खिडक्यांना लोंबकळत काढला. पंप पदरचा, रिक्षा पदरची, वर शिव्या. विकायच्या आधी सावलीत बसून जे काम होतं, तेच विकल्यावर उन्हात जाऊन करायचं. ह्याला धंदा म्हणत असतील तर म्हणू देत.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा दुकानात गेलो ते दिवेलागणीला. कोपरा मोकळा दिसला.

"हितला कूलर कुटं हाय?"

"गेला की, आप्पा. नव्या पेठेच्या मागं एक बाई हाय, तिनं नेला. तान्हं बाळ हाय घरात, उकाड्यानं झोपत न्हाय म्हणाली."

"पंपाची तार बघितलीस?"

"चालू करून बघितला. वारा झकास होता."

"आणि पट्टे न बघता नेला व्हय तिनं?"

पोरगं खाली बघायला लागलं. "पट्टे मी वढले. गिऱ्हाईक तेच मागतंय, मी काय करू? सोमवार होता, दुकानातल्या सगळ्याच कूलरांना लावले. भस्मच हाय की. देवाचंच हाय."

"देवाचं न्हाय ते, तुझ्या आईचं हाय!" मी ओरडलो. "झोपली होती का ती त्येच्याफुडं?"

"आई हाय का आता झोपायला?"

त्याचे डोळे भरले होते. भरू देत. मरून गेलेल्या बाईच्या नावावर यानं करंट विकला होता.

मी त्याला तिथंच फोन लावायला लावला. बाई म्हणाली, "आत्ता कुठं डोळा लागलाय हो बाळाचा. सकाळी बंद करते." मी फोन हिसकावला.

"बाई, रडू दे त्याला. आत्ताच्या आत्ता पिन काढा. पत्र्याला हात लावू नका."

तिकडं बाळ किंचाळायला लागलं तेव्हा मला बरं वाटलं. कुणाचं लेकरू रडताना कधी बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीतला कूलर काढला, हातगाडीवर घातला आणि तिच्या दारी नेला. पोरगा मागनं आला. मी त्याच्याशी बोललो नाही. बाई बाळाला कडेवर घेऊन, पदर खोचूनच उभी होती.

"सासूबाई म्हणाल्या होत्या, पट्टे असलेलाच घे. म्हणून घेतला. आता पट्ट्यांवर पण विश्वास ठेवायचा नाही का?"

"भांडा, बाई. तुमचं बरोबर हाय. पर आधी लांब सरा."

पिन घालून पत्र्याला टेस्टर टेकवला. लख्ख पेटला. बाईनं बाळाला छातीशी आवळलं. पोरगाही बघत होता.

माझा कूलर तिच्या खिडकीत बसवला, अर्थिंगची तार ओढली, पाणी भरून चालू करून दिला. चहा नको म्हटलं. बिघडलेला हातगाडीवर चढवला.

"अजून कुणाकुणाला पट्टे वढून दिलेस?" मी पोराला विचारलं.

तो सांगायला लागला. मी म्हटलं, सगळ्यात जवळचं घर आधी सांग, आणि गाडी फिरवली.