छापखान्याच्या छपरावरची वहिनी

नवऱ्याला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं, म्हणून छपरांच्या दुरुस्तीचा घरचा धंदा सुनेकडे आला. नवरा दुकानात बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं; आणि ती सासऱ्यांच्या मागोमाग शिडी चढायची. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. तिला कामगार आधी थट्टेनं वहिनी म्हणू लागले. त्यातली थट्टा कधी गळून पडली, ते त्यांनाही कळलं नाही.

ती शिंप्याची लेक. कापड बेतताना बघतच मोठी झालेली, त्यामुळे कुठल्याही छपरावर तिची नजर आधी जोडांकडे जायची.

एका उन्हाळ्यात छापखान्याच्या मालकांचं बोलावणं आलं. इमारत ऐसपैस, छप्पर जवळजवळ सपाट. दुपारी खाली नुसती भट्टी व्हायची. कागद कडांनी वळायचा आणि मशीनवाले काका मानेवर ओला पंचा टाकून काम करायचे. वरून पांढरा रंग मारून द्या, एवढंच मालकांचं म्हणणं होतं. वहिनीनं वरचं रबरी आवरण एका कोपऱ्यात कापलं आणि आतला जुना थर दाबला. स्पंज पिळावा तसं पाणी आलं.

"रंगानं थोडं बरं वाटेल," ती म्हणाली. "पण आतला थर भिजलाय. तो ऊन अडवणार नाही. भिजलेलं सगळं काढावंच लागेल."

मालकांनी आशेनं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनीही मान डोलावली, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

खरी जुंपली ती पुढे, नवा थर कसा घालायचा यावरून, सासऱ्या-सुनेत. अण्णांनी जन्मभर फोमची एकच जाड शीट स्क्रूनं ठोकून बसवलेली. वहिनीला दोन पातळ थर हवे होते: खालचा स्क्रूचा, वरचा चिकटवलेला, आणि खालच्या प्रत्येक फटीवर वरच्या शीटचं पोट येईल असा. एकाच थरात फटीतून आणि स्क्रूच्या लोखंडातून उन्हाची धग सरळ खाली उतरते, असं तिचं म्हणणं. अण्णांना हे दुप्पट काम वाटलं. घरात दोघांचं बोलणं नवऱ्यामार्फत होऊ लागलं आणि अचानक आलेल्या या महत्त्वानं तो भलताच खूश होता.

शेवटी अण्णांनीच तोंड उघडलं. "कर तुझ्या मनासारखं. पण गळलं तर लोक माझ्या नावानं बोंबलतील, तुझ्या नाही."

"मग बोंबलायची वेळच येऊ देत नाही," ती म्हणाली.

काम झपाट्यानं चाललं. पाणी साचू नये म्हणून तिनं वरच्या थराला पन्हाळीकडे हलका उतारही दिला. अण्णा हात मागे बांधून फेऱ्या मारत होते. जिन्याच्या दाराशी ते थबकले आणि त्यांनी तिला हाक मारली. छप्पर नव्या जाडीनं इतकं वर आलं होतं, की ते दाराच्या उंबऱ्याला टेकायला आलं होतं. पहिल्याच जोरदार सरीला पाणी जिन्यावरून मशीनपर्यंत गेलं असतं.

वहिनीचे कान तापले. सबबी सुचत होत्या, पण तिनं एकही सांगितली नाही.

"चुकलं माझं, अण्णा. बघायलाच हवं होतं."

त्यांनी ते लांबवलं नाही. "चौकट काढायला सांग. उंबरा वर घेऊ," एवढंच म्हणाले आणि विटा रचताना स्वतः ओळंबा धरून उभे राहिले. त्या संध्याकाळी घरी दोघं थेट बोलू लागली आणि नवऱ्याची बढती संपली.

काम पुरं झालं तरी उन्हाळा होताच. छापखान्यात कागद सरळ राहू लागला. एका रणरणत्या दुपारी मशीनवाल्या काकांनी पंखा जरा कमी करायला सांगितला, तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. पाऊस आला तसं वहिनी भिजत वर गेली. पाणी शहाण्यासारखं पन्हाळीकडे चाललं होतं, जिना कोरडा होता.

मालक आपल्या एका गोदामवाल्या मित्राला घेऊन दुकानात आले. मित्रानं अण्णांना विचारलं, थर किती जाडीचा घालावा.

"ते सूनबाईंना विचारा," अण्णा म्हणाले. "मी हल्ली फक्त उंबरे बघतो."

वहिनीनं हसू आवरलं आणि गोदाम बघायला कधी येऊ, ते विचारलं.