मदनभाऊंचं घरी परतणारं यंत्र

मदनभाऊंच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असे. बँकेत सही करायची वेळ आली की ते आधी टेस्टर काढत, त्याचं टोपण शोधत, आणि मग शेजारच्याकडे पेन मागत.

पुलगावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून माझं घर. मी शाळेत गणित शिकवायची. दोन हजार सात-आठच्या सुमारास भाऊंनी दुकानामागच्या खोलीत लाकूड कोरणारं यंत्र उभं केलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं. मोटारी कटर फिरवतात आणि फळीवर तेच चित्र उमटतं. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस इंटरनेटवरून उतरवलेली इंग्रजी पानं घेऊन माझ्याकडे येई. "मॅडम, एवढं वाचून द्या. आकृती मले समजते, मजकूर नाई समजत."

यंत्र सुरेख चाले, पण लाईट जाईपर्यंतच. आणि तेव्हा लाईट रोज जाई. कॉम्प्युटर बॅटरीवर तग धरे, मोटारी मात्र बंद पडत. लाईट आल्यावर कटर नेमका कुठे उभा आहे हे कॉम्प्युटरला कळत नसे, आणि तो भलतीकडूनच कोरायला लागे. किती फळ्या वाया गेल्या! भाऊ चिडत नसत. "त्याची काय चूक? झोपेतून उठवलं, पण घर कुठं हाय ते सांगितलंच नाई आपण."

उपाय त्या पानांतच निघाला. प्रत्येक दिशेच्या टोकाला एक लहान स्विच बसवायचा. यंत्र हळूहळू सरकत जाऊन त्याला टेकतं आणि तिथून नव्यानं माप धरतं. स्विच बसले त्या दिवशी मी शाळेतून थेट तिथेच गेले. यंत्र निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. स्विचला तर काही शिवलंही नव्हतं. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी भाऊंनी कारण शोधलं: कटरची वायर आणि स्विचची वायर एकाच पाइपातून नेली होती, आणि कटरच्या विजेमुळे स्विचच्या वायरीत खोटा इशारा उमटत होता. "शेजारी भांडून राह्यले, अन् याले वाटते आपल्यालेच हाक मारली." त्यांनी स्विचसाठी जाळीदार आवरणाची वायर आणली आणि दुसऱ्या बाजूनं फिरवली. खोटे इशारे थांबले.

त्याच आठवड्यात आंजी गावचे तुळशीरामजी सागाची फळी घेऊन आले. त्यांच्या बायकोनं शेताच्या धुऱ्यावर लावलेलं झाड वादळात पडलं होतं. त्यातून एवढी एकच धड फळी निघाली. तिच्यावर त्या गेलेल्या बाईचं नाव हवं होतं, दारावर लावायला.

'सुभद्रा'मधलं 'भ' अर्धं झालं आणि लाईट गेली. कटर लाकडातच रुतलेला. तुळशीरामजी उठून उभे राहिले. "गेली काय हो माही फळी?"

"गेली नाई, काका. थांबली. बसा तुम्ही."

दोन तास आम्ही बसलो. चहा आला, कुणाला प्यावासा वाटला नाही. लाईट येताच भाऊंनी बटण दाबलं. कटर आधी सरळ वर उचलला गेला. टक. मग एका बाजूला सरकला. टक. मग दुसऱ्या. टक. भाऊंनी कॉम्प्युटरवर यंत्राला दिलेल्या सूचनांच्या चार ओळी मागे जाऊन काम सुरू केलं. कटर फिरला, त्या अर्ध्या 'भ'वर येऊन खाली उतरला, कोरलेल्या खाचेत अलगद बसला आणि पुढे निघाला.

नाव पूर्ण झाल्यावर तुळशीरामजींनी अक्षरावरून बोट फिरवलं, मग डोळे मिटून पुन्हा फिरवलं. "कुठं थांबलं होतं, सांगा बरं मले." आम्हालाही सांगता येईना.

तीन वर्षांनी भाऊ गेले. आजारपण थोड्याच दिवसांचं होतं. त्यांची आठवण निघाली की मला दिसते ती त्या दिवशीची संध्याकाळ. तुळशीरामजी फळी जुन्या धोतरात गुंडाळून एसटीकडे गेले. भाऊंनी एक टाकाऊ फळी लावली, यंत्र चालू केलं, आणि मध्येच स्वतःच्या हातानं प्लग उपसला.

"आता काऊन?" मी विचारलं.

"आणखी एकदा पाहू ना, मॅडम."

आम्ही आणखी चारदा पाहिलं.