जागेवर हाय

मशीन थांबलं की ते दार सरकवायचे, उजवा तळवा पँटला पुसायचे आणि आत वाकून तो जॉबवर सपाट ठेवायचे. जॉब म्हणजे मशीनमध्ये आवळून बसवलेला, ज्यावर काम चाललंय तो धातूचा तुकडा. चाचपणं नाही, टकटक नाही. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात. थोडा वेळ तो तिथेच राहायचा. मग ते दोन शब्द बोलायचे.

"जागेवर हाय."

त्यानंतर दार बंद, हिरवं बटण, शेवटचा कट.

ते आता नाहीत. मशीन आहे. हात कुठे ठेवायचा ती जागाही आहे, आणि मशीन अजून तिथे येऊन थांबतं. ते कसं, एवढंच मला सांगायचं आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्याने तुम्ही जात असाल, तर तुर्भ्याचे असे गाळे पाहिले असतील. अर्धं वर ओढलेलं शटर, बाहेर लोखंडाच्या किसाने भरलेली पिंपं, आत पांढरा उजेड. एका दैनिकासाठी मी औद्योगिक पट्ट्याच्या बातम्या करत असे. या गाळ्याचे मालक लघुउद्योजकांच्या संघटनेत होते आणि वीज, पाणी, कर अशा कुठल्याही विषयावर दोन वाक्यं तयार ठेवायचे. वाक्यं घ्यायला मी जायचो. शेठ फोनवर असले की बसून राहायचो, आणि बसलं की समोर तेच दिसायचे.

गाळ्यात त्यांना सगळे नाखवा म्हणत. ते दिवाळे गावचे. घराण्यात होडी, वडील खरे नाखवा, त्यांच्यामागे धाकट्या भावाने होडी सांभाळली. यांनी आयटीआय केलं आणि लोखंडात आले. नाव चेष्टेने पडलं होतं, पण हाक मारताना कोणी हसत नसे. अंगाने बारीक, केस मागे चापून बसवलेले, शर्टाच्या खिशाला स्टीलची छोटी पट्टी. बोलणं गावचं. "आमी" आणि "तुमी", "पानी" आणि "कोन". शेठ गुजराती हेल काढून मराठी बोलायचे. दोघांचं भांडण लागलं की ऐकण्यासारखं असायचं.

हाताचं कारण मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. कापताना जॉब तापतो. तापलेला धातू फुगतो. गरम असताना माप बरोबर दिसतं, निवल्यावर चुकतं. शिवाय जॉबला दाबून धरणारे क्लॅम्प असतात, ते थरथरीने किंचित सैल होतात. शेवटच्या कटाआधी हे दोन्ही बघून घ्यायचं.

"मोजायला यंत्र नाही का?" मी म्हणालो.

"हाय ना. ते पन लावतो. पन आदी हात."

मग शेठनी नवीन मशीन घेतलं. चारी बाजूंनी बंद, समोर काचेचं दार, चालू असताना दाराला कुलूप. सोबत संगणक आणि त्यात ते सॉफ्टवेअर: जॉबचं चित्र काढायचं, धातू कापणारं हत्यार कुठून कुठे जाईल ते आखायचं, सगळं पडद्यावर चालवून बघायचं आणि मग प्रोग्राम मशीनला पाठवायचा. माल जासईच्या कंटेनर यार्डातून परदेशी जाऊ लागला होता आणि गिऱ्हाइकाला सगळं याच पद्धतीने हवं होतं. सॉफ्टवेअर शिकवायला सीवूड्सहून एक इंजिनिअर बाई आल्या. त्या राहिल्याच, पुढे गाळ्याचं सगळं प्रोग्रामिंग त्याच बघू लागल्या. सगळ्यांच्या मॅडम.

शेठनी नाखवांना सरळ सांगितलं होतं, "शिकलात तर मशीन तुमचं. नाहीतर स्टोअर सांभाळा, खुर्ची देतो."

स्टोअर म्हणजे मागची पत्र्याची खोली. खिळे, तेल, हातमोजे. दुसऱ्या दिवसापासून नाखवा संगणकासमोर बसू लागले.

माउसवर ते अख्खा तळवा ठेवायचे आणि थांबायचे.

"नाखवा, ताप बघताय का त्याचा?" मॅडम म्हणायच्या.

"गरम हाय जरा."

"तुमच्याच हाताने झालाय. हलवा आता."

चूक झाली की मागे घेता येते, हे त्यांना सगळ्यात संशयास्पद वाटलं. "लोखंडाला अनडू नाय, मॅडम. याची सवय लागली तर हात मोडंल." मॅडम म्हणायच्या, "म्हणून तर इथे चुका. इथे फुकट आहे." दोघांचं बरोबर होतं.

पण एक गोष्ट त्यांना फार आवडली. पडद्यावर जॉब फिरवता येतो, उलटा करता येतो. ते त्याला खालून बघत बसायचे. मला बोलावून दाखवलं होतं. "जलमभर वरनंच बघितला. खालनं असा दिसतो ते आज कललं." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी त्यांच्या पुतण्याच्या लग्नातही पाहिलं नाही.

अपघात त्यानंतर झाला. मी तिथे नव्हतो; मॅडमनी आणि शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरने वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही जुळलं. नाखवांनी पहिल्यांदा पूर्ण प्रोग्राम एकट्याने केला. जॉबचं चित्र काढलं, हत्याराचं काढलं, वाट आखली. पडद्यावर चालवून बघितलं, सगळं हिरवं. चित्रात क्लॅम्प मात्र काढले नाहीत. मॅडमनी शिकवताना सांगितलं होतं, पण उभं आयुष्य क्लॅम्प त्यांच्या डोळ्यांसमोर होते, हातांनी आवळलेले. समोर आहे ते काढून कोणाला दाखवायचं? पडद्यावरचा जॉब हवेत तरंगत होता आणि हत्यार मोकळ्या हवेतून वळून गेलं. मशीनमध्ये त्या हवेच्या जागी पोलादी क्लॅम्प होता.

आवाज रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत गेला. हत्यार मोडलं, ते धरणारा दांडा वाकला, मशीन बरेच दिवस उघडं पडून राहिलं. मॅडम म्हणाल्या, दार उघडल्यावर नाखवांनी पहिल्यांदा काय केलं, तर तुटलेल्या क्लॅम्पवर हात ठेवला.

शेठ ओरडले नाहीत, आणि तेच वाईट होतं. हात जोडून म्हणाले, "नाखवा, अजून एकदा असं झालं तर मी नाही सांगणार. तुम्हीच उठून स्टोअरमध्ये जा."

मशीन दुरुस्त झालं त्या दिवशी मी होतो. नाखवांनी शेठपुढे एकच मागणं ठेवलं. शेवटच्या कटाआधी मशीन थांबलं पाहिजे आणि दार उघडलं पाहिजे.

"थांबायला घेतलंय का मी मशीन?" शेठ म्हणाले. "आता तर सगळं काढता ना पडद्यावर? क्लॅम्प काढता, बोल्ट काढता, परवा पाना काढला होता, टेबलावर राहिलेला!"

"काढतो. सगला काढतो." नाखवांचा आवाज खाली होता. "पन शेट, दार बंद, आत काम चाललंय, नि मी काचेतनं बगतोय. बगायला तर कोन पन बगंल. मग मी हाय कशाला?"

शेठ मॅडमकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "सोय आहे. प्रोग्राममध्ये थांबा टाकून ठेवायचा. पॅनेलवर त्याचं बटण आहे. बटण चालू असेल तर मशीन थांबेल, दार उघडेल. बंद असेल तर न थांबता पुढे जाईल."

शेठनी फोन उचलता उचलता सांगितलं, "ठेवा चालू. तुम्ही आहात तोवर."

हे वाक्य मी तेव्हा टिपलं नव्हतं. बातमीत त्याचं काही काम नव्हतं.

नाखवांनी थांबा कोऱ्या नमुन्यातच टाकला, ज्याच्यावरून पुढचा प्रत्येक प्रोग्राम बनायचा. सोबत एक ओळ, मशीनच्या पडद्यावर दिसेल अशी. मशीनला देवनागरी येत नाही. त्यांनी एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. थांब. हात लाव. पुढे तीच ओळ मॅडमच्या प्रोग्राममध्येही उतरत गेली. कोणाला ती खटकली नाही. मशीन थांबायचं, कुलूप सुटल्याचा आवाज यायचा, दार, तळवा, दोन शब्द. पुन्हा कधी काही धडकलं नाही. स्टोअरची खुर्ची रिकामी राहिली.

एका सुटीनंतर ते आले नाहीत. शेठचा फोन मला दुपारी आला, आवाज बातमी देतानाचा नव्हता.

दिवाळे गावात गेलो तेव्हा जेटीपाशी होडी आडवी होती, एका बाजूला निळा रंग दिलेली, दुसरी बाजू जुनीच. भाऊ तिथेच उभा होता. रंग देता देता नाखवांना छातीत कळ आली होती. "रंग वालला का बगत व्हता," भाऊ म्हणाला. "हात लावला, बोलला, अजून ओला हाय. नि खाली बसला." घरात त्यांची बायको बायकांच्या घोळक्यात होती. जेटीवर मासळी विकणारी, मोठ्या आवाजाची बाई. मला बघून तिने विचारलं, "मशीनवर आता कोन उबा ऱ्हानार?"

मशीनवर शेजारचा ऑपरेटर उभा राहिला. साताऱ्याकडचा, रुंद खांद्यांचा, गाळ्यात पैलवान म्हणून ओळखला जाणारा. पहिल्या दिवशी त्याने नाखवांचाच प्रोग्राम लावला. शेवटच्या कटाआधी मशीन थांबलं. कुलूप सुटलं. पडद्यावर ओळ आली. थांब. हात लाव. गाळ्यातल्या सगळ्यांनी मान वर केली. ज्या माणसाला हे करायचं होतं तो नव्हता, आणि मशीन त्याच्यासाठी थांबलेलं होतं.

पैलवान म्हणाला, "मी हात लावला. पण मला काय कळतंय? गरम हाय, येवढंच कळलं."

असं दिवसातून कितीतरी वेळा व्हायचं. तेव्हा आपलं काय होतं, ते ज्याने त्याने सांगितलं. एक जण म्हणाला, मी त्या वेळी चहाला जातो. मॅडम म्हणाल्या, मशीन थांबण्याआधीच मला कळतं, मानेला कळतं. शेवटी शेठ म्हणाले, "नाखवा आहेत का? नाहीत. मग हे थांबतं कोणासाठी?" त्यांनी स्वतः बटण बंद केलं.

मशीन सलग चालू लागलं. ओळ मात्र प्रोग्राममध्येच होती. ती पडद्यावर खालून वर सरकत यायची आणि जायची. थांब, असं म्हणत. मशीन थांबत नसे.

आठवडाभराने बटण चालू सापडलं. शेठनी विचारलं. पैलवानाने आईची शपथ घेतली. मॅडमनी नुसती मान हलवली. शेठ म्हणाले, लाइट गेली असेल, आल्यावर आपोआप चालू झालं असेल. मॅडम म्हणाल्या, "लाइट गेली की ते बंद होतं, शेठ. चालू होत नाही." शेठनी बंद केलं. काही दिवसांनी पुन्हा चालू. मग त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा ती पट्टी निघालेली होती, नीट घडी घालून पॅनेलच्या कडेला चिकटवलेली, आणि बटणाचा दिवा लागलेला होता. कोणाचं काम, हे मी शोधू शकलो असतो. माझा धंदाच तो. मी कोणालाही विचारलं नाही.

त्या दुपारी शेठ माझ्याशी वीजदरावर बोलत होते. वाक्य अर्धं झालं होतं. मागे मशीनचा आवाज बदलला, उतरला आणि थांबला. कुलूप सुटलं. पैलवान तेव्हा पिंप ओढत शटरबाहेर गेला होता. मशीनच्या सगळ्यात जवळ शेठच होते.

आता ते बटणावरून ओरडणार, असं मला वाटलं. ते पॅनेलपाशी गेले, दिव्याकडे बघितलं, पडद्यावरची ओळ वाचली. मग दार सरकवलं. पांढऱ्या शर्टाची बाही वर केली, तळवा पँटला पुसला आणि आत वाकून जॉबवर ठेवला. सपाट.

मॅडम संगणकावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. पैलवान दारात पिंप धरून थांबला होता. शेठचा हात तिथेच होता. हात ठेवल्यावर दोन शब्द यायचे असतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही ऐकत होतो.

ते दोन शब्द आले नाहीत.

शेठनी हात काढला. जॉबवर धातू निववणाऱ्या कूलंटचा पातळ थर होता, त्यात तळव्याचा ठसा उमटला होता. तो कडेकडून भरत आला आणि पुसला गेला. मग त्यांनी दार लावलं. हिरव्या बटणावर बोट ठेवून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.