तपासणीच्या दिवशी शिंपीकाका उभे राहिले

शिंपीकाकांची उजवी बाजू गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून सरकारी योजनेतली मदतनीस रोज सकाळी दोन तास घरी यायची. काकांना उचलायचं, अंघोळ घालायची, ओली चादर बदलायची. काकूंची स्वतःची कंबर कामातून गेलेली; त्या दोन तासांवरच घर चाललं होतं.

अशी मदत दर वर्षी तपासतात. कार्यालयातल्या बाई येतात, फॉर्म भरतात आणि माणूस पुरेसा आजारी आहे का ते ठरवतात. मदतनीस काकूंना बजावून गेली होती, "काकू, उद्या काही आवरू नका. वास आला तर येऊ दे. आणि काकांना काय जमत नाही ते तुम्हीच सांगा."

पण स्वभावाला औषध नाही. परक्या बाईसमोर आपलं माणूस गबाळं दिसावं? काकूंनी फरशी पुसली, काकांची दाढी केली, त्यांनीच शिवलेला जुना कोट त्यांना चढवला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. कोट अंगात जाताच ताठ झाला.

"काका, स्वतःहून उठता येतं का?" बाईंनी विचारलं.

"न यायला काय झालं?" काका म्हणाले, आणि चार महिन्यांत जमलं नव्हतं ते त्यांनी केलं. डाव्या हाताने टेबल गच्च धरून उभे राहिले. "माझं सगळं मीच करतो."

बाई काकूंकडे वळल्या. "खरं ना?"

काकूंच्या ओठांवर सगळं आलं होतं, रोजच्या ओल्या चादरीसकट. पण काकांचा चेहरा असा उजळला होता की त्यांना भरून आलं. त्याच क्षणी नवऱ्याचा पाणउतारा करणं त्यांच्याने होईना. "हो," त्या म्हणाल्या, आणि दाखवतील तिथे सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. म्हणणाऱ्यांना म्हणू दे.

पंधरा दिवसांत पत्र आलं: मदतीची गरज नाही. काकूंनी कार्यालयात खेटे घातले. तिथे त्यांना त्यांचीच सही दाखवली. पुढची तपासणी वर्षाने.

त्यानंतरच्या सोमवारी बाथरूममध्ये काका काकूंच्या हातून निसटले आणि पडताना त्यांनाही घेऊन पडले. तासभर दोघं ओल्या फरशीवर होते. काकूंना पाय हलवता येत नव्हता.

"अगं, तेव्हा का नाही बोललीस?" काकांनी विचारलं.

"किती दिवसांनी उभे राहिला होतात तुम्ही," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा शेजाऱ्यांना हाका मारू लागल्या.